चावडी, दवंडी आणि दप्तर: ओपन सोर्सवाले बोलतात कुठे?

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

मी शहापूरचा. मुंबईकडचं नव्हे, भंडाऱ्याजवळचं, नागपूरहून येताना हायवेवर लागतं ते. आमचे आबाजी सांगायचे, गावात गोष्ट कळायच्या तीन जागा. कोतवालाची दवंडी: एकदा ऐकली तर ऐकली. चावडी: तिथं वाद घालायचा. आणि तलाठ्याचं दप्तर: वाद मिटल्यावर काय ठरलं ते तिथं लिहिलेलं. गेली काही वर्षं ओपन सोर्सचा इतिहास वाचताना मला हेच तीन शब्द आठवतात. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथल्या चर्चेच्या पानाचं नावच ‘चावडी’ आहे. ज्यानं कुणी ते ठेवलं, त्याला सलाम.

सुरुवात १९९१ पासून करू. २५ ऑगस्टला लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या पोरानं यूजनेटवरच्या मिनिक्सच्या गटात कळवलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, छंद म्हणून. पुढच्या जानेवारीत त्याच गटात प्राध्यापक टॅननबॉम यांनी त्याला सुनावलं, की तुझी रचना कालबाह्य आहे. दोघांचं चांगलंच वाजलं. पण गंमत बघा, ते भांडण आजही शब्दन् शब्द वाचता येतं. मी कॉलेजात असताना ते वाचूनच मला मायक्रोकर्नल म्हणजे काय ते कळलं. वर्गात कळलं नव्हतं.

लिनक्स कर्नलचं काम आजही मुख्यतः ईमेलवरच चालतं, तेही साध्या मजकुराच्या. रंगीबेरंगी एचटीएमएल मेल त्यांच्या यादीचा सर्व्हर स्वीकारतच नाही. पहिल्यांदा वाटतं, काय हे जुनाट लोक! पण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ यायच्या आधी शहापुरात टूजी पॅकवर मी जे काही शिकलो, ते याच जुनाटपणामुळे. काही किलोबाइटचा मेल उतरतो. व्हिडिओ कॉल उतरत नाही.

अपाची वेब सर्व्हरची कथा याच्याही पुढची. १९९५ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणची माणसं ईमेल यादीवरून एकमेकांना दुरुस्त्या पाठवत होती. बहुतेकांना पोटापाण्याची दुसरी कामं होती. त्यातून संस्था उभी राहिली आणि नियम पडला: गप्पा कुठंही मारा, निर्णय यादीवर. मतदान निदान ७२ तास खुलं. कारण कुणाच्या घरी रात्र असते, कुणाच्या घरी सुट्टी. मी तर म्हणेन, कुणाच्या घरी भारनियमन!

चॅटचा इतिहासही जुनाच आहे. आयआरसी १९८८ सालचं, फिनलंडमधलं. ओपन सोर्सचे हजारो प्रकल्प फ्रीनोड नावाच्या आयआरसी जाळ्यावर नांदायचे. २०२१ च्या मे महिन्यात मालकीवरून भांडण झालं, तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट काढलं. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया, सगळे तिकडे गेले. ज्यांनी आपल्या चॅनेलवर ‘आम्ही लिबेराला गेलो’ एवढी पाटी लावली, अशी शेकडो चॅनेल्स नव्या मालकांनी ताब्यात घेतली. जूनमध्ये तर नोंदणीची जुनी माहितीच पुसली गेली. स्लॅकचं वेगळं: फुकट वापरणाऱ्यांना आधी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे, २०२२ पासून ९० दिवसांचेच. यात फसवणूक काही नाही, त्यांचा धंदा आहे. पण चावडीची जागा भाड्याची असली की हे होणारच.

आता माझी स्वतःची फजिती.

आम्ही चौघं मित्र मराठी शब्दतपासणीसाठी शब्दयादी बनवत होतो. सगळी चर्चा मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आणि रात्री अकराच्या कॉलवर. यादीत सगळ्यांत किचकट ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. या दुसऱ्या, अर्ध्या चंद्रासारख्या र साठी युनिकोडमध्ये दोन रस्ते आहेत: एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरा साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. आम्ही एका रात्री तासभर भांडून पहिला रस्ता धरला.

वर्षभरानं एका नव्या मुलानं ‘साफसफाई’ म्हणून अर्धी यादी दुसऱ्या पद्धतीत नेली. शोध बिघडला. तो विचारतो, पहिलीच पद्धत का? कारण कुणालाच नीट आठवेना. एकाचा फोन बदललेला, दुसऱ्यानं ग्रुप सोडलेला. कोड शिल्लक होता, त्यामागचं ‘का’ गेलं होतं. चूक त्या मुलाची नव्हतीच.

यापेक्षा लागलेली गोष्ट दुसरी. साकोली तालुक्यातले एक गुरुजी आमच्यासाठी शब्द टाइप करायचे, हजारोंनी, आणि बिनचूक. ते हळूहळू यायचे बंद झाले. मी धरून चाललो की कंटाळले असतील. शेवटी फोन केला. म्हणाले, “कंटाळा नाही जी. तुमच्या बैठका रातच्या, आमची शाळा सकाळची. उठून पाहावं तर सारं ठरून गेलेलं. मंग आपलं काय काम?”

यावर मला काहीच बोलता आलं नाही. टाइमझोनवरून अमेरिकेतल्या लोकांना नावं ठेवणारा मी, आणि साठ किलोमीटरच्या आतल्या माणसाला आम्हीच बाहेर ठेवलं होतं.

आता कोडच्याच भांडारात एक साधी फाइल आहे. नाव ‘दप्तर’. काय ठरलं, कधी, कशामुळे, कोणाचा विरोध होता. तीन दिवस थांबल्याशिवाय त्यात ओळ चढत नाही. ग्रुप चालूच आहे. तिथं मीम येतात, क्रिकेट होतं, भांडणंही होतात. दोन मित्रांना हे सरकारी वाटतं आणि ते अगदीच चुकीचं म्हणत नाहीत. काम खरंच मंदावलंय.

पहिली नोंद अर्थातच त्या ऱ ची. नियम लिहिला आणि गुरुजींना पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ५:४० ला उत्तर आलं:

“नियमात ऱ्य आहे, ऱ्ह नाही. तऱ्हा, गुऱ्हाळ कुठं जातील? वऱ्हाडच सुटलं की जी.”