स्कॉटलंडच्या रणवाद्याचें बंगालांत सांपडलेलें हस्तलिखित

इ. स. १७४५ चें बंड मोडल्यावर ब्रिटिश सरकारनें स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांतील बॅगपाईप हें वाद्य कायद्यानें बंद केलें, असें विधान पुष्कळ ग्रंथांतून आढळतें. त्याची पारख करण्यास एक हस्तलिखित उपयोगी पडतें. व तें आमच्याच देशांत सांपडलेलें असल्यामुळें त्याची हकीकत येथें देत आहों.

प्रथम कायदा पाहूं. १७४६ च्या कायद्यानें शस्त्रें व डोंगरी पोषाख यांस मनाई केली. बॅगपाईपचें त्यांत नांवही नाहीं. या समजास जेम्स रीड या वादकाच्या खटल्यानें बळकटी आली असावी. डोंगरी पलटण या वाद्यावांचून कधीं कूच करीत नाहीं, सबब तें युद्धाचेंच साधन, असें न्यायासनानें ठरविलें व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत यॉर्क येथें त्यास फांशी दिलें. परंतु त्याच्यावर आरोप होता तो राजद्रोहाचा. त्या निवाड्यावरून वाद्यावर सर्वसाधारण बंदी होती असें निघत नाहीं.

आतां हस्तलिखिताकडे वळूं. सदरलंडमधील एका पाद्र्याचा मुलगा जोसेफ मॅकडोनल्ड (जन्म १७३९) हा १७६० चे सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीस निघाला, तेव्हां प्रवासांत त्यानें या वाद्याचें शास्त्र लिहून काढिलें. स्काय व मल या बेटांवरील आद्य गुरूंची परिभाषा त्यांत आहे. १७६३ त तो हिंदुस्थानांतच वारला. पुढें तें बाड सर जॉन मॅकग्रेगर मरे यांस बंगालांत मिळालें. त्यांनीं तें स्वदेशीं नेलें, व १८०३ त जोसेफचा बंधु पॅट्रिक यानें तें छापविलें. छापील प्रतींत अशुद्धें शिरलीं. मूळ प्रत एडिंबरो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत असून, तिच्या आधारें रॉडरिक कॅनन यांनीं १९९४ त नवी आवृत्ति काढिली.

कायदा झाला तेव्हां जोसेफ सात वर्षांचा होता. म्हणजे त्याची विद्या कायद्याच्या अमलांतच वाढली. वाद्य बंद असतें तर बोटांच्या चालीचें एवढें बारीक ज्ञान त्यास मिळतें ना. आमच्या मतें ऱ्हासाचें कारण बंदी नसून सरदारांचा तुटलेला आश्रय हें होय. वादक पुढें पलटणींत शिरले, व दीर्घ पिब्रॉखपेक्षां कुचाच्या आटोपशीर चाली प्रबळ झाल्या.

कॉलिन कॅम्बेल यानें १७९७ त या संगीताचे बोल अक्षरांत लिहून ठेविले; त्याचीं दोन बाडें आहेत, तिसरें गहाळ आहे. अर्थहीन अक्षरांनीं भरलेला जुना कागद रद्दींत टाकण्यापूर्वीं संग्राहकांनीं हें ध्यानीं आणावें, इतकेंच आमचें सांगणें.