'आउट ऑफ स्टेशन'

काल ६ जानेवारी, पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला, भाषणं झाली. परतताना एसटी स्टँडसमोर ओळखीच्या गॅरेजवाल्याची मुलगी भेटली. बी.कॉम., फर्स्ट क्लास. पुण्याला मुलाखत देऊन आली होती. म्हणाली, "काका, उत्तरं येत होती हो. पण इंग्रजीत चुकलं तर हसतील, म्हणून तोंडच उघडलं नाही."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. पोस्ट जरा लांबलीय, पण वाचा.

ज्या जांभेकरांना आपण हार घालतो, त्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं. त्याच्या पानावर दोन रकाने असायचे. एकात इंग्रजी, शेजारी मराठी. त्याच्या आदल्याच वर्षी मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश छापून आला होता. म्हणजे साहेबालाही आपली भाषा शिकायची गरज होतीच.

मग १८३५ ला मेकॉलेचं टिपण आलं. सरकार आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा वर्ग त्याला हवा होता. इंग्रजी ही नोकरीची भाषा झाली. कचेरीतल्या कारकुनाला इंग्रजीत गप्पा मारायच्या नव्हत्या, वरच्या साहेबाला अर्ज लिहायचा होता. 'काइंडली डू द नीडफुल' तिथलंच. एके काळी इंग्लंडातही पत्रात असंच लिहीत. तिकडे ते जुनं झालं, आपल्या फायलींत राहिलं.

'आउट ऑफ स्टेशन'चंही तसंच. हे स्टेशन रेल्वेचं नव्हे. साहेब लोक नेमणुकीवर जिथं राहत, ते ठिकाण म्हणजे स्टेशन. 'हिल स्टेशन' त्यातूनच आलं.

हे मला फार उशिरा कळलं. डिप्लोमा करून पहिल्या नोकरीला लागलो, तेव्हा रजेच्या अर्जात मी हेच शब्द लिहिले होते. एका वरिष्ठानं अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "कुठल्या स्टेशनाबाहेर बसणार रे?" सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस इंग्रजी पत्रकार परिषदेत मी एक प्रश्न विचारला नाही. शब्द जुना होता एवढंच, पण माझी वाचा गेली.

आता गॅरेजमध्ये चला. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, असं चाक बनवणारी कंपनी होती. तिचं नाव आपल्या मेकॅनिकच्या तोंडी अजून आहे. आज लंडनमध्ये हा शब्द वापरलात तर बहुतेक लोक बघत राहतील. या मुलीचे बाबा मात्र तो रोज बिनधास्त वापरतात. पाना हातात घ्यावा तसा त्यांनी शब्द घेतला. आणि इंग्रजीतला 'मोंगूस'? तो आपल्या मुंगसावरून तिकडे गेलाय. देणंघेणं दोन्हीकडून आहे.

२००० साली राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. चांगलंच झालं. पण बऱ्याच पोरांनी धड्याखालची उत्तरं पाठ केली आणि पास झाली. फोन उचलून 'जरा थांबता का, साहेबांना विचारून सांगते' हे इंग्रजीत म्हणायची सवय कोण लावणार? 'नीडफुल'च्या जागी 'शुक्रवारपर्यंत बिल पाठवा' असं सरळ कसं लिहायचं, हे कोण सांगणार? नोकरीत लागतं ते हे. ते शिकायलाच हवं, आणि शिकताना चुका होणारच.

म्हणून एक ठरवलंय. रविवारी सकाळी आपल्या वाचनालयाची खोली रिकामी असते, मी बोलून ठेवलंय. दहा ते अकरा, फुकट. बँकेत, फोनवर, मुलाखतीत लागणारी वाक्यं घ्यायची. फळ्यावर दोन रकाने, 'दर्पण'सारखे. नियम एकच, कुणी कुणाला हसायचं नाही.

निवृत्त गुरुजी-बाईंनी आणि सुट्टीवर आलेल्या नोकरदार पोरांनी तासभर द्यावा. गॅरेजवाल्याची लेक येते म्हणालीय.

मीही मागच्या बाकावर बसणार आहे. शिकायलाच.