तांबटांचे कान

कानात सतत आवाज येत राहणे, म्हणजेच कर्णनाद, हा विकार धातू ठोकणाऱ्यांच्या पाठीस पूर्वापार लागलेला आहे. विकाराची ओळख जुनीच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले असून त्यांत कर्णनाद आणि बाधिर्य ही दोन्ही नावे येतात. तिथे दोष मात्र बिघडलेल्या वाताला दिला आहे.

कानाच्या दुखण्याचे मूळ धंद्यात शोधले ते इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ 1700 मध्ये निघाला आणि 1713 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. व्हेनिसमधील तांबट एकाच वस्तीत राहत आणि दिवसभर तांबे ठोकत. त्यांना आधी कमी ऐकू येते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे रामाझ्झिनींनी नोंदवले.

वाफेच्या यंत्रांनी हा प्रश्न कितीतरी वाढवला. बॉयलरचे पत्रे जोडताना लालभडक रिव्हेट भोकातून घालून बाहेरून घणाने ठोकत. ते मागे सरकू नये म्हणून एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून त्याला आतून आधार देई. बंद लोखंडी पिंपात घुमणारा तो सगळा आवाज त्याच्या कानांवर आदळे. ग्लासगोचे कर्णतज्ज्ञ टॉमस बार यांनी 1886 मध्ये अशा 100 कामगारांचे कान तपासले. साधन साधे होते, खिशातले घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, एवढेच पाहायचे. शंभरांतल्या एकाचेही ऐकणे धड नव्हते. तुलनेसाठी त्यांनी पोस्टमनही तपासले होते; त्यांचे कान पुष्कळच चांगले निघाले. त्यामुळे वयाकडे बोट दाखवण्याची सोय उरली नाही. हा साधा पडताळा बार यांच्या कामाचा कणा आहे.

इजा नेमकी कुठे होते, हे 1890 मध्ये कर्णतज्ज्ञ हाबरमान यांनी केलेल्या शवविच्छेदनातून दिसले. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेच्या तळाशी, जिथे उंच पट्टीचे स्वर टिपले जातात, तिथल्या पेशी नष्ट झाल्या होत्या. माणसात या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश आटले की मेंदूतील श्रवणकेंद्रे स्वतःची संवेदनशीलता वाढवतात आणि त्यातून नसलेला आवाज ऐकू येतो, असे आज मानले जाते. म्हणूनच अशा कामगारांना बहुधा रातकिड्यांसारखी बारीक, उंच किरकिर ऐकू येते. गोंगाटात ती दबते. रात्री निजानीज झाली की झोप लागू देत नाही.

व्हेनिससारखीच तांबटांची वस्ती पुण्यातही आहे. तिथल्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईपासूनची. बंब, हंडे, घंगाळी यांच्यावर मठारकाम करताना तांबट एकाशेजारी एक असे हजारो ठोके देतो. भांड्याला घट्टपणा आणि चकाकी येते ती त्यामुळेच. काम जिथे, घर तिथेच, त्यामुळे ठोक्यांपासून घरातल्या बायकामुलांचीही सुटका नसे. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण पुढे भारताच्या कारखाने कायद्यातील नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत आले. पण 1948 च्या मूळ कायद्याप्रमाणे कारखाना ठरण्यासाठी विजेवर किंवा इंजिनावर काम चालत असेल तर 10 आणि नुसत्या हातांनी चालत असेल तर 20 कामगार लागत. दोन-चार माणसांची तांबटाची पडवी त्यात बसणारच नव्हती. ज्या धंद्यावरून वैद्यकाला हे दुखणे उमगले, त्यालाच कायद्याचे संरक्षण मिळाले नाही, हा अन्यायच होय.