कार्पल टनेल सिंड्रोम : निदान-चाचण्यांची तुलना

मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला आडवा अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटवणारे नऊ स्नायुरज्जू आणि मीडियन नस त्यातूनच जातात. बोगद्यातला दाब वाढून नस चेपली गेली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, ती बधिर होतात, करंगळी सुटते. त्रास रात्री वाढतो. हात झटकला की थोडा वेळ बरे वाटते. जुन्या दुखण्यात अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजतो आणि चिमटीतली ताकद जाते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे देशातील एक मोठे केंद्र. कांडी भरणे, धोट्यातली कांडी बदलणे, तुटलेला धागा शोधून चिमटीने गाठ मारणे, ही कामे पाळीभर चालतात. अलीकडे गोदामांतल्या पॅकिंगची त्यांत भर पडली आहे. जोर लावून तीच ती हालचाल करणे आणि हाताला बसणारी कंपने यांमुळे या विकाराचा धोका वाढतो. पण दोष एकट्या मागाला देता येत नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण, संधिवात आणि लठ्ठपणा हीदेखील ठळक कारणे आहेत. त्यामुळे ‘नस दबली’ म्हणत आलेल्या कामगाराची रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासणे योग्य ठरते.

चाचण्यांची तुलना करताना त्यांची पहिली-दुसरी अशी क्रमवारी लावली जाते. ती दिशाभूल करणारी आहे, कारण प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

हाताने करायच्या तीन चाचण्या जुन्या आहेत. १९१५ मध्ये फ्रेंच डॉक्टर तिनेल यांनी वर्णिलेल्या चाचणीत नसेवर हलके ठोकतात; बोटांत झिणझिण्या आल्या तर ती होकारार्थी. अमेरिकेतील शल्यचिकित्सक फेलन यांच्या चाचणीत मनगट पूर्ण वाकवून मिनिटभर ठेवतात. १९९१ मध्ये डर्कन यांनी बोगद्यावर अंगठ्यांनी थेट तीस सेकंद दाब देण्याची रीत मांडली. अनेक अभ्यास एकत्र पाहता तिनेल चाचणी सुमारे निम्मेच रुग्ण पकडते. फेलन चाचणी शंभरातले अडुसष्ट पकडते, पण निरोगी शंभरांतल्या सत्तावीस जणांनाही रुग्ण ठरवते. डर्कनची चाचणी निरोगी माणसाला त्या मानाने कमी वेळा गोवते. मनगट दुखरे असल्याने जे ते वाकवू शकत नाहीत, त्यांना तीच सोयीची.

या आकड्यांचा अर्थ चाचणी कोणावर केली यावर ठरतो. समजा, कारखान्यातल्या हजार कामगारांपैकी पन्नास जणांना हा विकार आहे आणि सर्वांची फेलन चाचणी घेतली. चौतीस खरे रुग्ण सापडतील, आणि त्यांच्यासोबत अडीचशेहून अधिक निरोगी लोकही! तीच चाचणी रात्री हात झटकत उठणाऱ्या माणसावर केली तर तिचे वजन कितीतरी वाढते. म्हणून मागावरच्या सरसकट शिबिरांत एकट्या फेलनवर विसंबणे मला गैर वाटते.

लक्षणे आणि चाचण्या यांची सांगड घालणारी सीटीएस-६ ही गुणपद्धती २००६ मध्ये आली. मीडियन नसेच्या प्रदेशातील बधिरपणाला ३.५, रात्रीच्या बधिरपणाला ४, उंचवट्याच्या झिजेला वा अशक्तपणाला ५, फेलनला ५, दोन टोकांचे स्पर्श वेगळे न कळण्याला ४.५ आणि तिनेलला ४, असे एकूण २६ गुण. बारा वा अधिक गुण झाले की विकाराची शक्यता सुमारे ऐंशी टक्के. रात्री जाग येणारा, पहिली तीन बोटे बधिर असलेला, फेलन होकारार्थी असलेला विणकर १२.५ वर पोहोचतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या निदानासाठी एनसीव्ही (नसेतील संदेशाचा वेग मोजणारी चाचणी) वा सोनोग्राफीऐवजी ही पद्धती चालेल असे म्हटले आहे. जिथे मोबदला कापडाच्या मीटरवर मिळतो आणि तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी, तिथे या वाक्याचे मोल फार आहे.

एनसीव्ही ही चाचणी नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजते. दाब कुठे आहे आणि नसेची हानी किती झाली, हे तिच्याइतके नीट दुसरी कोणतीही चाचणी सांगत नाही. अनामिकेला मीडियन आणि अल्नर अशा दोन्ही नसांचा पुरवठा असतो. त्यांच्या वेळांतला फरक पाहिला की रुग्णाचाच हात मापदंड होतो. मधुमेहात सगळ्याच नसा मंदावतात, तिथे हा फरक विशेष उपयोगी. हात थंड असेल तर वेग खोटा कमी दिसतो. वातानुकूलित खोलीत थंडावलेला हात आधी बत्तीस अंश सेल्सियसपर्यंत गरम करावा लागतो. ही चाचणी जाड, जलद तंतूंचेच मोजमाप करते. त्यामुळे सौम्य दुखण्यात ती नॉर्मल येऊ शकते. उलट बाजूही आहे : १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत कोणतीच तक्रार नसलेल्यांपैकी सुमारे अठरा टक्क्यांचा अहवाल सदोष आला होता. केवळ कागदावर शस्त्रक्रिया ठरवू नये ती याचसाठी. स्नायूंतील विजेचे संदेश तपासणाऱ्या ईएमजीची सुई मुख्यतः मानेतील दबलेली नस वेगळी काढण्यासाठी लागते.

सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते. बोगद्याच्या तोंडाशी नसेचे क्षेत्रफळ साधारण दहा चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती सुजली असे मानतात. झटका नाही, सुई नाही, आणि गाठ वा स्नायुरज्जूंची सूजही दिसते. मात्र निष्कर्ष तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो.

महाराष्ट्रात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे कुष्ठरोग. त्यातही नस जाड होते, बोटे बधिर होतात. पण बहुधा कोपराजवळची अल्नर नस आधी पकडली जाते, म्हणजे करंगळी सुटत नाही. नसेची जाडी मनगटाच्या वरपर्यंत जाते आणि अंगावर संवेदना नसलेला फिकट वा लालसर चट्टा सापडू शकतो. त्यासाठी शर्ट काढून पाठ पाहावी लागते, कोपराची नस बोटांनी चाचपावी लागते. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात, आणि नसेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडने गेलेली ताकद परतण्याची आशा असते.