दाबाची खोली : पुलाच्या पायापासून दवाखान्यापर्यंत

आम्ही पाटसच्या बचत गटाच्या बायका. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला, मुंबईला टाटाला किंवा बार्शीला जाऊन शेक, म्हणजे रेडिएशन घेतलं, बाई बरी झाली. मग दोन-चार वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागतं. दुखणं उलटलं असं समजून ती गप्प बसते. खरं काय ते तपासल्यावरच कळतं. पण कित्येकदा तो शेकाचाच उशिरा उमटलेला त्रास असतो. त्यावरच्या एका उपचाराची गोष्ट आज सांगतो. तिची सुरुवात दवाखान्यात नाही, पुलाच्या पायात झाली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना नदीच्या तळाशी प्रचंड लाकडी पेट्या उपड्या बसवल्या होत्या. दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि मजुरांनी आत माती उपसायची. वर आल्यावर त्यांचे सांधे भयंकर दुखायचे; काही जण दगावले. १८७२ साली मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही याच दुखण्यानं अंथरुणाला खिळला. मग त्याची बायको एमिली बांधकामाचं शास्त्र शिकली आणि १८८३ला पूल खुला होईपर्यंत त्याच्या सूचना कामावर पोहोचवत राहिली. (नाव मात्र नवऱ्याचं जास्त झालं. असो.)

सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात ना, तसंच हे. दाबाखाली रक्तात मुरलेली हवा दाब एकदम कमी झाला की फसफसते. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ साली हे मांडलं. उपाय असा, की माणसाला पुन्हा दाबात ठेवायचं आणि दाब सावकाश उतरवायचा. म्हणून पाणबुड्यांसाठी नौदलांकडे दाबाच्या खोल्या आल्या. आपल्या मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयातही हे शास्त्र आहे.

पुढे डॉक्टरांनी हीच खोली प्राणवायूसाठी वापरली. १९६० साली ॲमस्टरडॅमच्या बोरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या, तरी दाबाखाली नुसत्या द्रवात विरघळलेल्या प्राणवायूवर ती जगली. शेकानं बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, तो भाग उपाशी राहतो आणि जखम भरत नाही. तिथं असा प्राणवायू पोहोचला तर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हा त्यामागचा विचार.

मिशरी लावणाऱ्या आपल्या बायकांनी इथं कान द्यावा. तोंडाच्या कर्करोगावर शेक घेतल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. १९८५ साली अमेरिकेत मार्क्स यांनी अशा ७४ रुग्णांवर प्रयोग केला. नुसत्या पेनिसिलिनच्या ३७ जणांत ११ जणांचं हाड बिघडलं, प्राणवायू घेतलेल्या ३७ जणांत दोघांचंच. मग सगळीकडे याचा बोलबाला झाला. पण २०१९ साली ब्रिटनमध्ये नव्यानं तपासलं, तर दोन्ही गटांत हाड बिघडण्याचं प्रमाण सारखंच कमी निघालं. म्हणून शेकाआधीच दात तपासून घेणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. त्याच वर्षी युरोपच्या उत्तरेकडच्या देशांतल्या पाहणीत मात्र शेकानं बिघडलेल्या मूत्राशयाचा त्रास या उपचारानं कमी झालेला दिसला. तेव्हा सगळ्यावर रामबाण म्हणून कुणी विकत असेल तर सावध राहा. कशासाठी, किती उपयोग, हे आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांनाच विचारा.

खोलीत दीड-दोन तास बसायचं असतं. घाट उतरताना दडे बसतात तसे कान दडतात. आगीची भीती म्हणून मोबाईल, काडेपेटी आत नेता येत नाही, अंगावर सुती कपडेच लागतात. अशा तीस-चाळीस बैठका, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे दीड-दोन महिने. पाटसहून रोज जाणारीच्या घरी धारा कोण काढणार, आणि भाड्याचं काय? आजारपणाच्या कर्जात प्रवासखर्च धरायचा का, हा विषय आम्ही गटाच्या पुढच्या बैठकीत घेतला आहे.