पावसाच्या गणितातली जमीन

भारतात हवामानशास्त्राला दुष्काळाच्या दारी नेऊन उभे केले ते प्रशासनाने. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. पुढचा पाऊस कसा होईल हे आधी सांगता येईल काय, असे सरकारने खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारले. त्यांनी हिमालयातील बर्फाकडे बोट दाखवले. बर्फ फार पडले तर पुढचा मान्सून क्षीण, असा त्यांचा आडाखा होता. १८८६ पासून त्यावर नियमित अंदाज निघू लागले. जमिनीवर काय पसरले आहे त्यावरही आकाशाचे वागणे ठरते, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे घेणारे गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबांची आपल्या पावसाशी सांख्यिकी सांगड घातली. ही रीत शतकभर चालली. मात्र सांगड का बसते हे ती सांगत नाही, आणि सांगड सुटली की अंदाजही कोसळतो. २००२ साली अंदाज होता १०१ टक्क्यांचा, पाऊस झाला ८१ टक्के. त्या जुलैत टंचाईचे आराखडे करणाऱ्यांना हे आकडे वेगळे सांगायला नकोत.

मॉडेलची रीत निराळी. पृथ्वीवर कल्पनेने जाळे टाकायचे आणि प्रत्येक चौकोनात वारा, उष्णता व बाष्प यांची समीकरणे पुन्हापुन्हा सोडवायची. लुईस रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हे ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा स्वतःचा प्रयोग साफ फसला. सहा तासांत १४५ मिलिबारचा अशक्य फरक निघाला. पण माती आणि पाने यांतून उडणारे पाणीसुद्धा त्या ग्रंथात हिशेबात घेतले होते, हे विशेष.

स्युकुरो मानाबे यांनी १९६९ मध्ये जमिनीला चक्क बादली मानले. प्रत्येक चौकोनात १५ सेंटिमीटर पाणी मावते. पावसाने ती भरते, उतू गेले ते नदीला, आणि पातळी उतरली की बाष्पीभवन मंदावते. जमा, खर्च, शिल्लक! पाटबंधाऱ्याच्या कारकुनालाही समजेल असा हा हिशेब. त्याचे महत्त्व असे की जमीन ओली असेल तर उन्हाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कोरडी असेल तर तीच उष्णता हवा तापवते.

एके काळी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत काम केलेले जगदीश शुक्ल यांनी येल मिंट्झ यांच्यासह १९८२ मध्ये मॉडेल दोनदा चालवले, एकदा सगळी जमीन सतत ओली धरून आणि एकदा सतत कोरडी धरून. दोन्हींतले तापमान व पाऊस यांत प्रचंड तफावत निघाली. पुढे १९८६ च्या सुमारास बादलीच्या जागी मुळे, पाने, पर्णरंध्रे आली. २००४ मध्ये डझनभर मॉडेले ताडून पाहिली तेव्हा, मातीच्या ओलाव्याचा पावसावर विशेष प्रभाव दिसणाऱ्या प्रदेशांत अमेरिकेची मैदाने आणि आफ्रिकेतील साहेल यांच्या जोडीला भारतही होता.

इथे आपला संबंध येतो. अनेक मॉडेलांत सिंचन दीर्घकाळ नव्हतेच. पंजाब किंवा गंगेच्या मैदानातला चौकोन गणितात वाळून जाई. प्रत्यक्षात कालवे व नलिकाकूप तो भिजवत असत. कुठे कोणते पीक, किती सिंचित, ही माहिती उत्तरेत खसऱ्यात आणि महाराष्ट्रात सातबाऱ्यावर असते. शास्त्रज्ञ मात्र जमिनीचा नकाशा बहुधा उपग्रहाकडून घेतात. पीकपाहणी शेतावर न जाता चावडीत बसून भरली जात असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

२०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या भारतीय अंदाजप्रणालीचे जाळे सुमारे ६ किलोमीटरचे आहे. मानाबे यांच्या काळी ते काहीशे किलोमीटरचे असे. गावनिहाय अंदाज मागणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की तेवढ्या चौकोनातल्या सगळ्या वाड्यावस्त्यांना गणितात अजून एकच पाऊस मिळतो.