पूर्वेचं पाणी पश्चिमेला

नदी कुठं वाहते? शाळेतलं उत्तर सोपं आहे: उताराकडे. पण मुळशीच्या पाण्याला विचाराल तर ते म्हणेल, "निवाड्यात काय लिहिलंय ते बघा!" तर मंडळी, आज या उलट्या वाहणाऱ्या पाण्याची शंभरेक वर्षांची गोष्ट.

आधी निसर्गाचं काम बघू. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला सोलापूरकडे जेमतेम सहा-सातशे. पण निसर्गानं भरपाईही करून ठेवली होती. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब कोकणातून लगेच समुद्राला मिळतो. चार पावलं पलीकडे पडलेला मात्र इंद्रायणी किंवा मुळेतून भीमेला, तिथून कृष्णेला आणि हजारावर किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जातो. वाटेत कोरड्या मुलखाची तहान भागवतो. पाऊस जिथं कमी, तिथं नदी पाणी घेऊन जाते, असा हा हिशेब.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या हिशेबात माणूस शिरला. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या आणि कोळसा लांबून आणावा लागे. इकडे घाटमाथ्यावर अफाट पाणी आणि शेजारी पाचशे मीटरचा सरळ कडा! पूर्वेला निघालेलं पाणी धरणात अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं, आणि मोठ्या नळांतून कड्याखाली सोडून वीज करायची. यासाठी १९१० साली टाटांची कंपनी निघाली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं. कल्पना म्हणून खरोखर बिनतोड.

फक्त एक अडचण होती. धरणाच्या जागी माणसं राहत होती. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं तेव्हा आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं आणि कित्येक गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. धरणाविरुद्धचा हा जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. १९२४ पर्यंत तो रेटला गेला, पण धरण झालंच.

स्वातंत्र्यानंतर कोयनेला हेच सूत्र आणखी मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं १९७६ च्या अंतिम निवाड्यात या पश्चिमेच्या वाटेला मर्यादा घातली. कोयनेला वर्षाला ६७.५ टीएमसी, टाटांच्या धरणांना पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरीनं वर्षाला सुमारे ११० टीएमसी. काठोकाठ भरलेल्या उजनीत सुमारे ११७ टीएमसी मावतं, यावरून अंदाज करा.

साहजिकच, दुष्काळ पडला की मागणी होते: आमचं पाणी आम्हाला परत द्या. मागणीत दम आहे. टाटांच्या तिन्ही वीजघरांची क्षमता मिळून ४४७ मेगावॅट, आणि आज मुंबईची उन्हाळ्यातली मागणी चार हजारांच्या वर जाते. (अर्थात, पाण्यावरची वीज काही मिनिटांत चालू करता येते. ऐन गरजेच्या वेळी तिची किंमत या आकड्यापेक्षा मोठी असते.)

पण आमच्या धंद्यात जुन्या सिस्टीमला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारतात: हिच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे? इथं तोच विचारून बघा. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत येतं आणि बदलापूर-कल्याणच्या नळांना त्याचा आधार आहे. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिऱ्याचं कुंडलिकेला. भर उन्हाळ्यात कोलाडला कुंडलिका खळाळते ती वरून पाणी सोडतात म्हणून. रोह्याचे कारखाने त्याच पाण्यावर आहेत. ज्या नद्या एरवी पावसाळ्यानंतर आटल्या असत्या त्या शंभर वर्षांत बारमाही झाल्या, आणि त्यांच्या काठी लाखो माणसं येऊन राहिली. त्यांनी कुणाचं पाणी चोरलेलं नाही.

म्हणून पाणी पुन्हा पूर्वेला वळवायचं असेल तर जरूर वळवावं, सोलापूरच्या शेतकऱ्याचा त्यावर हक्क आहेच. पण आधी उल्हास आणि कुंडलिकेच्या काठी जाऊन विचारावं, त्यांना दुसरं पाणी कुठून मिळणार ते ठरवावं. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. नदी दुसऱ्यांदा वळवताना तेवढं तरी टाळता येईल.